आमचा फौजदार कुठे आहे?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून किती परिसंवाद झाले याची मोजदाद नाही. कवितेवर झाले, आत्मकथनावर झाले, मुस्लिम संतकवींच्या मराठी रचनांवर झाले. प्रबोधनावर तर दर वेळी झाले. त्यांतले बरेच मी मागच्या रांगेत बसून ऐकले आहेत. पण कोणी रहस्यकथेचे नाव घेतलेले मला आठवत नाही. जणू हा प्रकार मराठीत नाहीच, आणि असला तरी आपल्यासारख्या शरीफ लोकांनी त्याकडे बघायचे नसते!

हा लेख त्या शराफतीच्या विरोधात आहे. माझे म्हणणे सरळ आहे. रहस्यकथा हलकी म्हणून आपण ती टाकून दिली आणि तिच्याबरोबर एक मोठी गोष्टही गमावली. गुन्ह्याची गोष्ट सांगण्याचा हक्क आपण दुसऱ्यांच्या हाती दिला. आता त्यांच्या गोष्टीत आपण फक्त संशयित म्हणून येतो याबद्दल ओरड करायला आपल्याला तोंड नाही.

आधी थोडा कबुलीजबाब. आमच्या घरात दोन प्रकारची पुस्तके असत. एक अब्बांच्या कपाटातली, पाहुण्यांना दिसावी अशी. दुसरी पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेतली. त्या ट्रंकेत ‘जासूसी दुनिया’चे अंक होते, कडा कुरतडलेले, मुखपृष्ठ गेलेले. अब्बा उर्दू शाळेत मास्तर. रात्री कंदिलाची वात मोठी करून ते अंक वाचत आणि दादी खोकली की चटकन वर्तमानपत्र ओढून घेत. मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे माझी ट्रंक म्हणजे गावातले नगर वाचनालय. तिथे बाबुराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड होते, पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. ग्रंथपाल एका वेळी एकच पुस्तक देत. मी ते शाळेच्या दप्तरात लपवून आणत असे. बापही लपवून वाचतो आणि लेकही लपवून वाचतो, असे आमचे घर होते. तुमचे वेगळे होते काय? छातीवर हात ठेवून सांगा.

जे आपण लपवून वाचले ते लिहिणारा माणूस कोण होता, हे तरी आठवावे. इब्ने सफी १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी जन्मले. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय पुस्तक खपत नाही, असे मित्रांच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि हा तरुण ते खोटे पाडायला बसला. मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’चा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण कादंबऱ्या दोन्ही देशांत निघत राहिल्या. १९५५ साली इमरान मालिका सुरू झाली. १९८० साली गेले तेव्हा सुमारे अडीचशे कादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या. त्यांच्यासाठी कित्येकांनी उर्दू लिपी पक्की केली. त्यांतल्या चार कादंबऱ्या पुढे इंग्रजीत आल्या, २०११ साली. भाषांतर कोणी केले? शम्सुर्रहमान फारुकींनी! उर्दू समीक्षेत ज्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, त्या माणसाला हे काम हलके वाटले नाही. आणि आपल्या परिसंवादांना मात्र वाटते.

याच कादंबऱ्यांची एक दुखरी बाजू आहे. त्या हिंदीत निघू लागल्या तेव्हा नायक कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इमरानचा राजेश झाला. गंमत पाहा, फरीदीचा मदतनीस हमीद मात्र हमीदच राहिला. हसवायला, चुका करायला, साहेबाच्या मागे धावायला हमीद चालला. पण ज्याच्या अकलेपुढे सगळ्यांनी मान तुकवायची, तो फरीदी चालला नाही. ही नावे कोणा शत्रूने बदलली नाहीत. पुस्तक खपावे म्हणून धंद्याच्या हिशेबाने ती बदलली गेली. मला तो हिशेबच खुपतो. वाचक मुस्लिम नायक स्वीकारणार नाही, हे वाचकाला विचारण्याआधीच ठरवून टाकले होते.

तुम्ही म्हणाल, ती पन्नाशीतली हिंदी गोष्ट. मग आजची मराठी गोष्ट ऐका.

माझी भाची वकिली करते. तिने एक रहस्यकथा लिहिली. तालुक्याच्या गावात कब्रस्तानाला लागून असलेली वक्फची जमीन, तिचा कागदोपत्री गायब झालेला दीड एकर, आणि हिशेब लिहिणाऱ्या मुनीमाचा विहिरीत सापडलेला मृतदेह. तपास करणारी महिला उपनिरीक्षक मुलाणी आडनावाची. मी तालुका कोर्टात बत्तीस वर्षे कारकुनी केली आहे. किती पंचनामे हाताखालून गेले, किती जबान्यांच्या नकला केल्या. त्या भरवशावर सांगतो, कथा चोख होती. विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ ज्या बाजूने खरवडले होते त्यावरून मुनीम स्वतः पडला नाही, त्याला ओढत आणले होते, हे तिने ज्या रीतीने उलगडले ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो.

कथा एका दिवाळी अंकाकडे गेली. संपादकांचा फोन आला. “ताई, कथा फर्स्ट क्लास आहे. फक्त फौजदारबाईंचे आडनाव बदला, लगेच घेतो. वाचकाला उगाच अडखळायला होतं.” भाचीने नम्रपणे नकार दिला. मग ती कथा आपल्यातल्याच एका प्रकाशकाकडे गेली. त्यांनी तिला बसवले, चहा पाजला आणि म्हणाले, “बेटी, खून मोहल्ल्यात, मेलेला आपला, मारणारा आपला, वर वक्फची जमीन! बाहेरचे लोक आधीच बोटे दाखवतात. तू प्रबोधनपर काही लिही ना.” घरी येऊन ती मला म्हणाली, “मामू, एकाला माझी फौजदार नको आहे, दुसऱ्याला माझा खुनी नको आहे. मग मी लिहू तरी काय?”

याचे उत्तर मी तिला त्या दिवशी देऊ शकलो नाही. आज देतो, आणि तिच्याबरोबर तुम्हालाही देतो.

पहिल्या संपादकांना सांगायचे ते असे. मराठी वाचक नावाला अडखळत नाही. शिरवळकरांनी दारा बुलंद उभा केला, फिरोज इराणी उभा केला. ही नावे सदाशिव पेठेतली नव्हेत. पुण्या-मुंबईपासून खेड्यापाड्यापर्यंतच्या पोरांनी त्या कादंबऱ्या फाटेपर्यंत वाचल्या. रहस्यकथेच्या वाचकाला एकच गोष्ट हवी असते, पुढे काय झाले. ती त्याला द्या, तो मुलाणी बाईंच्या मागे विहिरीत उतरेल. अडखळते ते तुमचे मन, आणि तुम्ही वाचकाच्या नावावर ते खपवता.

आपल्या प्रकाशकांना सांगायचे ते जरा लांब आहे, कारण त्यांच्या मागे आपण सगळे उभे आहोत.

त्यांचा पहिला आक्षेप, हे साहित्य हलके. नगीब महफूझ यांनी ‘चोर आणि कुत्रे’ ही कादंबरी १९६१ साली लिहिली. तुरुंगातून सुटलेला चोर, त्याच्या हातातले पिस्तूल, दोनदा चुकलेला नेम आणि दोन्ही वेळा नाहक मेलेली भलतीच माणसे. मागे पोलीस आहेत, पुढे कैरोचे कब्रस्तान आहे. हा सगळा मालमसाला गुन्हेगारी कथेचा. याच महफूझना १९८८ साली नोबेल मिळाले. गुन्ह्याच्या गोष्टीने त्यांचा हात विटाळला नाही. आपला कसा विटाळतो?

दुसरा आक्षेप दीनदार मंडळींचा. असल्या गोष्टींनी मन बिघडते, वेळ वाया जातो. त्यांच्याशी मी त्यांच्याच भाषेत बोलतो. सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो. खुद्द कुरआन त्या कथेला उत्तम कथा म्हणतो. आता तिच्यात काय आहे ते पाहा. भाऊ खोटे रक्त लावलेला सदरा बापापुढे ठेवतात. तफसीर लिहिणारे सांगतात की सदरा कुठे फाटलेला नव्हता, आणि माणूस खाणारा लांडगा सदरा शाबूत कसा ठेवील, ही विसंगती हजरत याकूबांच्या ध्यानात आली. पुढे मिसरमध्ये यूसुफवर आळ येतो. तेव्हा त्या बाईच्याच घरातला एक साक्षीदार कसोटी सांगतो. सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा पाहिला, तो मागून फाटलेला निघाला. निर्दोषत्व सिद्ध झाले आणि तरीही यूसुफला कैदेत जावे लागले! हे दोन सदरे ज्या समाजाला पाठ आहेत, त्याने पुराव्याच्या गोष्टीला नाके मुरडावीत? ‘अलिफ लैला’तली तीन सफरचंदांची कहाणीही आपलीच. दजला नदीतून पेटी निघते, पेटीत बाईचे तुकडे, आणि खलिफा हारून रशीद वजीर जाफरला तीन दिवसांत खुनी हजर करायला फर्मावतो. कोणी लंडनहून आणून हा प्रकार आपल्या गळ्यात बांधलेला नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे, आणि तो बदनामीच्या भीतीचा आहे. ही भीती मी जाणतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसे मेली. आधीच्या डिसेंबर-जानेवारीत काय झाले होते ते आपण विसरलेलो नाही, पण हे स्फोट घडवणाऱ्यांत आपल्यातले लोक होते, हेही खरे आहे. ते नाकारून चालत नाही. त्या गुन्ह्याची गोष्ट एस. हुसैन झैदींनी ‘ब्लॅक फ्रायडे’ या पुस्तकात २००२ साली इंग्रजीत सांगितली. ती सांगणारा पत्रकार मुस्लिम होता म्हणून समाज बुडाला नाही. मराठी कथेत मात्र आपण तोंड शिवून बसलो आणि रिकामी जागा सिनेमाने भरली. डोळ्यांत सुरमा घातलेला भाई, गळ्यात तावीज बांधलेला शूटर. आज आमच्या पोरांना पडद्यावर अजान ऐकू आली की पुढे काय होणार ते आधीच कळते. हे आपल्या गप्प बसण्याचे फळ आहे.

आता मुद्द्यावर येतो. रहस्यकथेचा एकच कायदा आहे. गुन्हेगार नावावरून ठरत नाही, पुराव्यावरून ठरतो. ज्याच्यावर पहिल्या पानात संशय आहे तो बहुधा निर्दोष असतो, आणि हे वाचकाला इतके पटलेले असते की उघड संशयिताला पकडून कथा संपवणाऱ्या लेखकाला तो माफ करत नाही. आपण सभांतून, मोर्चांतून, निवेदनांतून जे मागत आलो ते दुसरे काय आहे?

८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात स्फोट झाले. नमाजी मेले, आणि पकडले गेले नऊ मुस्लिम. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जामीन. २०१६ च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. त्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ साली बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळखपरेड टिकली नाही. त्या बारांतला एक जण २०२१ साली तुरुंगातच मेला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही, पण हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली.

या खटल्यातले तेरावे आरोपी अब्दुल वाहिद शेख हे शिक्षक. ते २०१५ सालीच निर्दोष सुटले. त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. पोलीस काय करतात, कायदा काय म्हणतो, आरोपीने काय करावे, असे सगळे त्यात एका मास्तराच्या शिस्तीने मांडले आहे. नऊ वर्षे कैदेत काढलेल्या माणसाने पुराव्याची भाषा शिकून घेतली. आणि आपण, बाहेर मोकळे असलेले लेखक, अजून हुंदक्याच्या भाषेतच लिहितो.

हुंदका खोटा नसतो. पण हुंदक्याने उलटतपासणी होत नाही. अन्याय झाला असे हजार कवितांनी सांगितले तरी न मानणारा मानत नाही. पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही, हे एका कथेने दाखवले तर तोच वाचक स्वतः हिशेब करू लागतो. मी कोर्टात पाहिले आहे, त्याच त्या दोन माणसांच्या पंच म्हणून सह्या तीन-तीन खटल्यांत असत. ही गोष्ट लेखात लिहिली तर तक्रार ठरते. कथेत आणली आणि वाचकाला ती सही स्वतः ओळखू दिली, तर तो आयुष्यात कुठलाही पंचनामा डोळे मिटून मानणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. लोकलमध्ये जे मेले, मालेगावच्या कब्रस्तानापाशी जे मेले, त्यांना कोणी मारले? निर्दोष सुटलेल्याला छातीशी धरताना हा प्रश्न आपल्या हातून निसटतो. खरा गुन्हेगार मोकळा राहतो तेव्हा मेलेल्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो, मग तो डब्यातला पाटील असो की शेख. ‘मारणारा कोण?’ हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत सोडायचा नाही, अशी शपथ घातलेला साहित्यप्रकार एकच आहे. आपला लेखक त्यात उतरेल तेव्हा त्याला फक्त आपल्या माणसांसाठी रडून चालणार नाही. मला ती त्याची परीक्षा वाटते.

म्हणूनच आपल्या रहस्यकथेत फरिश्ते नकोत. मुस्लिम फौजदार सच्चा, मुस्लिम संशयित निर्दोष आणि खुनी नेहमी दुसऱ्या गल्लीतला, असे लिहायचे असेल तर न लिहिलेले बरे. ते सिनेमाचेच उलटे चित्र झाले. आपल्या मोहल्ल्यात गुन्हे कमी आहेत काय? वक्फच्या जमिनी कोण गिळतो? आखातात नोकरी लावतो म्हणून पोरांचे पासपोर्ट आणि पैसे घेऊन कोण पसार होतो? बहिणीचा वाटा खाण्यासाठी खोटे अंगठे कोण उठवतो? स्टोव्हचा भडका उडाला म्हणून पुरलेली सून कशाने मेली, हे विचारायला मय्यतीला आलेल्यांतला कोण पुढे होतो? हे सगळे प्रबोधनाच्या लेखांत आले आहे आणि कोणी वाचलेले नाही. उत्कंठेने वाचले जाईल ते कथेत आले तरच.

यासाठी लेखकाला मेहनत लागेल. फिर्याद आणि जबानी यांतला फरक, मुद्देमालाचे सील, शवविच्छेदनाच्या अहवालाची भाषा, ठाण्यातल्या हवालदाराची बोली, सारे शिकावे लागेल. आपल्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त पोलीस आहेत, माझ्यासारखे कोर्टाचे कारकून आहेत. त्यांच्याकडे जा. आम्ही सांगायला टपून बसलो आहोत, विचारणारा येत नाही.

आता मागण्या. या वार्षिकाच्या संपादकांना माझी विनंती आहे, खरे तर आव्हान आहे. पुढच्या अंकात प्रबोधनाचा एक लेख कमी करा, हवा तर हाच वगळा, आणि एक रहस्यकथा छापा. संमेलनाच्या आयोजकांनी ‘दशा आणि दिशा’वरचा एक परिसंवाद कमी करून एक बैठक रहस्यकथेला द्यावी. प्रकाशकांनी जाड पुठ्ठ्याची, वाचनालयापुरती पुस्तके बाजूला ठेवून एसटी स्टँडवर विकत घेता येईल अशी स्वस्त मालिका काढून पाहावी. अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या त्या समीक्षकांसाठी लिहिल्या नव्हत्या. आणि वाचकहो, तुम्ही विकत घ्या. फुकट मागून वाचू नका, लपवून तर मुळीच वाचू नका.

भाचीची कथा अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे. फौजदारबाईंचे आडनाव मुलाणीच आहे आणि खुनी अजून मोहल्ल्यातलाच आहे. दोन्हींतले काहीही बदलायचे नाही, असे मी तिला बजावून सांगितले आहे. संपादक साहेब, पत्ता तुमच्याकडे आहेच. कथा कधी पाठवायची तेवढे कळवा.